पहिली वही

घर आणि शाळा

गेल्या महिन्यातील एका रविवारी सकाळी आमच्या आळीतील एक गृहस्थ आपल्या मुलीला बरोबर घेऊन घरी आले. गृहस्थ येथील एका घाऊक औषधविक्रेत्याकडे गेली बावीस वर्षे हिशेब लिहितात. मुलगी माझ्याच शाळेतून दहावी झालेली. आता कला शाखेच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चहा होईपर्यंत इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग त्यांनी मूळ विषय काढला.

"सर, आता तुम्हीच हिला दोन शब्द सांगा. तीन वर्षे झाली की पदवी हातात येते. पुढे बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा, असे घरात ठरले होते. आता ही म्हणते, चौथे वर्ष करायचे आणि त्यात संशोधन करायचे! संशोधन म्हणजे काय आपल्यासारख्यांच्या घरातले काम आहे?"

मुलगी खाली मान घालून पदराशी नव्हे, तर ओढणीच्या टोकाशी चाळा करीत बसली होती. तिला विचारले, "तुझे काय म्हणणे आहे?" ती हळूच म्हणाली, "सर, पाच सत्रांत मिळून अठ्ठ्याहत्तर टक्के आहेत. सहाव्यातही तसेच मिळाले तर मला ते वर्ष घेता येते. पण आरंभ कोठून करायचा, हेच कळत नाही."

वाचकहो, ही एका घराची अडचण असती तर तिच्यासाठी ह्या सदराची जागा अडवली नसती. परंतु इंदूर, देवास, उज्जैन, ग्वाल्हेर येथील आपल्या कित्येक घरांतून आज हाच प्रश्न विचारला जात आहे, आणि पालकांना त्याची पुरेशी माहिती नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पदवी चार वर्षांचीही असू शकते, असे ठरविले. मध्यप्रदेशाने २०२१ मध्ये ते आपल्या महाविद्यालयांतून लागू केले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीस १२० व चार वर्षांच्या पदवीस १६० श्रेयांक लागतात. ह्या श्रेयांकांना महाविद्यालयात सारे क्रेडिटच म्हणतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेता येते. त्यात १२ श्रेयांक केवळ शोधप्रकल्पाचे असतात. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या कामाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात ३० तास, हा हिशेब धरला तर हे काम ३६० तासांचे झाले. प्रत्येक महाविद्यालयात प्रत्येक विषयात ही सोय नसते. मार्गदर्शक होण्यास पात्र असे प्राध्यापक विभागात असावे लागतात. तेव्हा पहिली चौकशी तीच करावी.

"एक वर्ष वाया जाईल," ही पालकांची मुख्य भीती. तिचे उत्तर बेरजेनेच देता येते. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे एम. ए., मिळून पाच वर्षे. चार वर्षांच्या पदवीनंतर एम. ए. एका वर्षाचे असू शकते, असे आयोगाच्या २०२४ सालच्या पदव्युत्तर आराखड्यात आहे. म्हणजे जेथे ती सोय आहे तेथे बेरीज पुन्हा पाचच. शिवाय चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर पीएच. डी. च्या प्रवेशासाठी अर्ज करण्याचा मार्गही २०२२ च्या नियमांनी मोकळा केला आहे. मात्र ज्या मुलास पदवीनंतर लगेच नोकरीच धरावयाची आहे, त्याच्या बाबतीत हे वर्ष खरोखरच जास्तीचे ठरते. त्या घराने आपल्या ऐपतीचा विचार करूनच निर्णय घ्यावा. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आता त्या गृहस्थांचा दुसरा प्रश्न. संशोधन हे आपल्यासारख्यांचे काम आहे काय?

पदवीच्या विद्यार्थ्याने संशोधनात हात घालावा, ही कल्पना आजची नव्हे. १८१० मध्ये बर्लिन येथे विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा विल्हेल्म फोन हुम्बोल्ट ह्यांनी अध्यापन आणि संशोधन ही एकत्र नांदावीत, असा आग्रह धरला होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत मार्गारेट मॅकव्हिकर ह्या विदुषीने १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या हाताखाली प्रत्यक्ष संशोधनास लावण्याची योजना सुरू केली आणि पुढे तिचे अनुकरण अनेक देशांत झाले. पण आपल्याकडचे उदाहरण त्याहूनही बोलके आहे. १९२८ मध्ये जर्मन पदार्थवैज्ञानिक आर्नोल्ड झोमरफेल्ड मद्रासला आले होते. प्रेसिडेन्सी कॉलेजात पदवीचे शिक्षण घेणारा सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर नावाचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा त्यांना जाऊन भेटला. आपण जे पदार्थविज्ञान वाचून काढले ते आता जुने झाले आहे, हे त्याला त्या भेटीत कळले. झोमरफेल्डनी आपल्या अप्रकाशित लेखाची मुद्रिते त्याला वाचावयास दिली. ती घेऊन हा मुलगा कामास लागला. आणि १९२९ मध्ये, पदवी हाती येण्यापूर्वीच, त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते ह्याच चंद्रशेखरांना. आपली मुले चंद्रशेखर होतील असे मला सुचवावयाचे नाही. मला लक्ष वेधावयाचे आहे ते आरंभाकडे. तो मुलगा विचारावयास गेला. आपले ज्ञान अपुरे आहे हे ऐकून तो हिरमुसला नाही. हाती जे वाचावयास मिळाले ते त्याने खरोखर वाचले. ह्या तिन्ही गोष्टींस पैसा लागत नाही.

आणि "आपल्या घरातले" म्हणाल, तर नीमच येथे १९१९ मध्ये जन्मलेले, उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर आपल्यांतलेच की! १९५७ मध्ये रेल्वेने भोपाळकडे जात असता खिडकीतून त्यांना काही विलक्षण आकाराचे खडक दिसले. ते उतरून पायी तेथे गेले, आणि भीमबेटकेची चित्रित गुहाश्रये जगापुढे आली. २००३ मध्ये त्या स्थळास जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्या गाडीने रोज शेकडो माणसे जात होती. खडक सर्वांनाच दिसत होते. इतिहासाचार्य राजवाडे तरी काय करीत होते? गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून धूळ खात पडलेले दप्तर धुंडाळीत ते आयुष्यभर पायपीट करीत राहिले. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या ग्रंथमालेचे बावीस खंड निघाले, ते ह्या पायपिटीतून. ज्या वस्तूला घरातले लोक रद्दी समजत होते तिला त्यांनी साधन म्हटले.

हे सर्व ऐकून मुलीला थोडा धीर आला. तिने पिशवीतून कागद काढला. त्यावर विषय लिहिला होता, 'इंदूरची मराठी भाषा : एक अभ्यास'.

मी म्हटले, "बाई, हा विषय माझ्या हयातीत पुरा होईल असे वाटत नाही."

ती हसली, वडीलही हसले. पण नवशिक्याची पहिली चूक बहुधा हीच असते. विषय आणि प्रश्न ह्यांत फरक आहे. 'इंदूरची मराठी' हा विषय झाला. त्यात आयुष्य जाईल. प्रश्न असा हवा की, ज्याचे उत्तर आज ठाऊक नाही, पण आठ-दहा महिन्यांत, आपल्या पायांनी गाठता येईल अशा माणसांकडून वा कागदांतून मिळू शकेल. मी तिला विचारले, "हा विषय तुला सुचला कसा?" ती म्हणाली, "आजी सांडशी म्हणते, आई कधी सांडशी म्हणते कधी संडसी, आणि मी चिमटाच म्हणते. आजी मला हसते."

प्रश्न सापडला. तो तिच्या स्वयंपाकघरातच होता! मग आम्ही दोघांनी मिळून तो कागदावर असा मांडला : इंदुरात तीन पिढ्या राहिलेल्या दहा मराठी घरांत, स्वयंपाकघरातील पन्नास वस्तूंना आजी, आई आणि मुलगी कोणकोणत्या नावांनी ओळखतात? कोणते शब्द टिकले, कोणत्यांच्या जागी हिंदी शब्द आले, आणि कोणते शब्द वस्तूच नाहीशी झाल्यामुळे गेले? पोळपाट की चकला, लाटणे की बेलन, किसणी की कद्दूकस, बटाटा की आलू, कोथिंबीर की हरा धनिया? पाटा-वरवंटा, उखळ, विळी ह्यांचे काय झाले? दहा घरे, तीन पिढ्या, पन्नास वस्तू, म्हणजे दीड हजार उत्तरे. एवढा पसारा एका विद्यार्थिनीला आवरता येतो, आणि त्यातून काही सांगताही येते.

येथे एक खुबी तिला सांगितली. "ह्याला मराठीत काय म्हणता?" असे विचारू नये. असे विचारले की माणूस सावध होतो आणि रोज तोंडात असलेला शब्द सोडून पुस्तकातला शब्द सांगतो. वस्तू पुढे ठेवावी किंवा चित्र दाखवावे आणि "हे काय?" एवढेच विचारावे. आजीला आणि नातीला एकमेकींदेखत विचारू नये. नाहीतर नात आजीचाच शब्द उचलील. जे शब्द गेले आहेत असे आपणास वाटते, ते ऐकू आले तरी लिहावेत, आणि जे टिकले असावेत असे वाटते ते ऐकू आले नाहीत तर तेही लिहावे. आपल्या मनात ठरलेले उत्तर समोरच्याच्या तोंडून काढून घेणे, ह्यास संशोधन म्हणत नाहीत.

एवढे ठरले तरी थेट घरोघर हिंडावयास निघू नये. त्या प्रश्नावर पूर्वी कोणी काय लिहिले आहे, ते आधी पाहावे. महाविद्यालयाच्या ग्रंथपालास भेटावे. हा मनुष्य बहुधा उपेक्षित असतो, आणि कोणी आस्थेने विचारले तर कपाटामागचे कपाट उघडून दाखवितो. चार-पाच लेख वा प्रकरणे नीट वाचून प्रत्येकाचा सारांश आपल्या शब्दांत पानभर लिहावा. आजकाल यंत्राला विचारले की घटकेत दहा ग्रंथांची यादी मिळते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने अशी यादी मोठ्या उत्साहाने आणली होती. त्यातील तीन ग्रंथ कोठल्याच ग्रंथालयाच्या सूचीत नव्हते, कारण ते कोणी लिहिलेलेच नव्हते! यंत्राने नावे जुळवून दिली होती. जे पुस्तक हातात धरले नाही, जे पान डोळ्यांनी वाचले नाही, त्याचा हवाला देऊ नये, हा जुना नियम आता अधिकच कसोशीने पाळावयास हवा. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर त्याचे नाव लिहावे. आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध २०१८ मध्ये नियम केले आहेत. पण नियम नसते तरी ती चोरीच झाली असती.

त्यानंतर मार्गदर्शक. आपली मुले येथे फार बुजतात. प्राध्यापकांच्या खोलीच्या दाराशी घुटमळतात आणि परत येतात. अथवा एकच ठराविक मजकूर वीस जणांना ई-मेलने पाठवितात आणि उत्तर आले नाही म्हणून खट्टू होतात. पत्र एकालाच, त्याचे काम पाहून, आणि आटोपशीर लिहावे. त्या मुलीसाठी मी पुढील मसुदा करून दिला. तिने तो हिंदीत करून घेतला :

'आदरणीय मॅडम, मी तृतीय वर्षाची विद्यार्थिनी असून गेल्या सत्रात आपल्या समाजभाषाविज्ञानाच्या तासांना बसत होते. इंदुरातील मराठी घरांत स्वयंपाकघरातील वस्तूंची नावे तीन पिढ्यांत कशी बदलली, ह्याचा लहानसा अभ्यास चौथ्या वर्षी करावा, असे मनात आहे. माझ्या आजीच्या व आईच्या बोलण्यातील वीस शब्दांची यादी सोबत जोडली आहे. हा प्रश्न अभ्यासास योग्य आहे का आणि मी आधी काय वाचावे, हे विचारण्यासाठी पंधरा मिनिटे भेटू इच्छिते. आपणास सोयीचा वार व वेळ कळवावी, ही विनंती.'

बस्स, एवढेच. आपण कोण, काय विचारावयाचे आहे, आतापर्यंत स्वतः काय केले आणि किती वेळ हवा. दहा दिवसांत उत्तर न आल्यास एकदा नम्रपणे आठवण करावी. तरीही नाही आले, तर दुसऱ्या प्राध्यापकांकडे जावे आणि मनात अढी धरू नये. चांगला मार्गदर्शक विषय तयार करून देत नाही. तो आपल्या प्रश्नातील भोके दाखवितो. पहिल्या भेटीत चार भोके दाखविली गेली, तर भेट चांगली झाली असे समजावे.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी वाटा अधिक आहेत. त्यांना प्रयोगशाळा लागते, आणि ती घरात नसते. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी ह्या तिन्ही मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती देतात. निवडलेला विद्यार्थी दोन महिने देशातील एखाद्या नामवंत वैज्ञानिकाच्या हाताखाली काम करतो. अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीस मागविले जातात. उन्हाळा लागल्यावर जागे होणाऱ्यांची संधी हुकते. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र २००४ पासून पदवीच्या विज्ञान विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र उपक्रम चालवीत आहे. भोपाळला २००८ पासून विज्ञान शिक्षण व संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, आणि खुद्द इंदुरात तंत्रज्ञान संस्था व राजा रामण्णा केंद्र आहे. तेथे विद्यार्थ्यांसाठी काय काय योजना आहेत, हे वर्षातून दोनदा तरी पाहात जावे. इतिहासाच्या विद्यार्थ्यास सीतामऊ येथील, महाराजकुमार डॉ. रघुबीरसिंह ह्यांच्या ग्रंथसंग्रहावर उभे असलेले श्री नटनागर शोध संस्थान ठाऊक असावे. आणि ज्या घरात मोडी कागद आहेत, त्या घरातील मुलाने मोडी लिपी शिकून घ्यावी. सहा महिने नेमाने सराव केला तर ती वाचता येऊ लागते, आणि ते कागद वाचणारे आता घरात दुसरे कोणी उरलेले नसते.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहावे. 'दोन हजार रुपये भरा, आठ दिवसांत आपला शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापू,' असे निरोप मुलांच्या भ्रमणध्वनीवर येतात. असे पैसे भरू नयेत. तेथे निबंध कोणी वाचत नाही, केवळ पावती वाचली जाते. पदवीच्या वर्षांतील काम छापून आलेच पाहिजे असे नाही. विभागात वाचून दाखविले, चार प्रश्नांना उत्तरे दिली, पाचव्याला 'ठाऊक नाही' म्हणता आले, की पुष्कळ झाले.

ह्यानंतर मुलीने विचारले, "सर, लिहून कशात ठेवू? भ्रमणध्वनीवर रेकॉर्ड केले तर चालेल ना?" आणि मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागली. ती मी सहसा सांगत नाही.

१९९४ साल. मी मराठीच्या एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझ्या एका मित्राच्या आजीला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत. वय ऐंशीच्या घरात, पण स्मरण लख्ख. मी चार-पाच दुपारी तिच्यापाशी बसलो आणि साठेक ओव्या उतरवून घेतल्या. प्रत्येक ओवी सांगताना ती म्हणे, "ही आमच्या माहेरची, नाशकाकडची," किंवा "ही इथली, सासूबाईंची." मी मान डोलवी, लिहून मात्र ओवीच घेई. बाकीचे लक्षात राहील असे वाटे. कागदही कसले, तर परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्यांची सुटी पाने. त्यांवर ना तारीख, ना क्रमांक. पुढे आषाढात आमच्या खोलीचे छत गळले आणि शाई पसरून निम्म्याहून अधिक पाने गेली. तरी मी निर्धास्त होतो. दिवाळीत पुन्हा जाऊन विचारू, असे म्हणत होतो. दिवाळीत गेलो. आजी पितृपक्षातच गेल्या होत्या.

आज माझ्याजवळ त्यांतल्या अकरा ओव्या आहेत. त्या सुंदर आहेत. परंतु त्यांतली कोणती नाशिककडून लग्नाबरोबर माळव्यात आली आणि कोणती येथल्या वाड्यांतून जन्मली, हे मला सांगता येत नाही. आणि आता ते कोणालाच सांगता येणार नाही. त्या माऊलीने सांगितले होते, एकदा नव्हे, साठ वेळा सांगितले होते. मी लिहिले नाही. पुढे मी मास्तर झालो, संसारात पडलो, संशोधनाचे राहूनच गेले. त्याची खंत फारशी नाही. खंत वाटते ती ह्या न लिहिलेल्या चार शब्दांची.

म्हणून मी तिला म्हटले, "रेकॉर्ड अवश्य कर, पण आधी विचारून, परवानगी घेऊन. कोणाचे नाव प्रकल्पात यावे, कोणाचे नको, हे त्यांनी ठरवावे. आणि त्याच दिवशी रात्री, झोपण्यापूर्वी, बांधीव वहीत लिही. सुटे कागद नकोत. तारीख, घर, कोण बोलले, वय किती, माहेर कोठले, कोण जवळ बसले होते. जे ऐकलेस ते डावीकडच्या पानावर, तुला जे वाटले ते उजवीकडे. दोन्ही एकत्र करू नकोस. खोडायचे झाल्यास एक रेघ मार. खालचे वाचता आले पाहिजे."

इतका वेळ गृहस्थ गप्प ऐकत होते. ते एकदम म्हणाले, "म्हणजे रोजकीर्दच की, सर!"

मला क्षणभर बोध होईना. ते पुढे सरसावून बसले आणि मुलीला सांगू लागले. "रोजच्या रोज, घडले तसे, त्याच क्रमाने लिहायचे, ती रोजकीर्द. तीत आपले डोके चालवायचे नाही. मग त्यातून एकेका नावाचे खाते वेगळे काढायचे, ती खतावणी. तुझे प्रत्येक शब्दाचे एक खाते झाले. प्रत्येक नोंदीला पावती पाहिजे. पावती नाही तर नोंद नाही. आणि शेवटी ताळा जमला नाही, तर आकडा बदलायचा नाही, चूक शोधायची. नव्या मुलाला दुकानात पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो."

वाचकहो, मी मराठीचा एम. ए. आणि पस्तीस-चाळीस मिनिटे बोलत होतो. एवढ्या थोडक्यात आणि इतके नेमके मला सांगता आले नव्हते. संशोधन आपल्यासारख्यांच्या घरातले काम आहे काय, असे विचारीत आलेल्या गृहस्थांनी आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच तोंडाने दिले होते. ते त्यांच्या ध्यानात आले की नाही, कोण जाणे. मी ते बोलून दाखविले नाही.

जाताना मात्र ते व्यवहारावरच आले. "सहाव्या सत्राचा निकाल येऊ दे. पंच्याहत्तरच्या वर राहिली तर पुन्हा बसू. क्लासचे पैसे अजून भरलेले नाहीत." मला ते योग्यच वाटले. धाकटा मुलगा अकरावीला आहे. घरात मिळवते एकटेच. अशा घराने होकार तोलून-मापूनच द्यावा.

परवा संध्याकाळी ती मुलगी एकटीच येऊन गेली. हातात लांब, लाल पाठीची, कापडी बांधणीची वही होती, जमाखर्चाची असते तशी. वडिलांनी दुकानातून आणून दिली होती, पानांवर क्रमांक स्वतः घालून. पहिल्या पानावर तारीख होती, आजीचे संपूर्ण नाव होते, माहेरचे गाव होते, आणि खाली 'परवानगी दिली' असे लिहून त्यापुढे आजीची थरथरती सही. त्याखाली चौदा शब्द. अकरावा 'सांडशी'.

उजवीकडचे पान अजून कोरे होते. मी विचारले, तर म्हणाली, "सर, अजून काही वाटलेले नाही. आधी दहाही घरे होऊ देत."